मुदत मागण्याचें कारण

माझीं सदतीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविण्यांत गेलीं. एवढ्या काळांत एक गोष्ट मला चांगली कळली. मुलगा उशिरां वर्गावर आला, कीं त्याच्या तोंडून जें निघतें, तें एक तर कारण असतें, किंवा सबब असते. वाटेंत नाल्याला पूर आला होता, हें कारण. पाऊस येईलसें वाटलें म्हणून निघालोंच नाहीं, ही सबब. दोहोंमधला भेद ओळखावयास शिक्षकाला फारसा वेळ लागत नाहीं. परंतु तोच शिक्षक सेवानिवृत्त होऊन स्वतःच्या कागदपत्रांपुढें बसला, म्हणजे त्याला आपल्याच सबबी कारणांसारख्या दिसूं लागतात. हें मी दुसऱ्या कोणाविषयीं बोलत नाहीं, माझ्याविषयींच बोलतों आहें. प्राप्तिकराचें विवरणपत्र भरण्यास मुदत कां मागावी लागते, ती मिळते कीं नाहीं, आणि मिळत नसेल तर गृहस्थानें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी कायदेपंडित नाहीं. जळगांव-धुळ्याकडील साध्या कुटुंबांत हा प्रश्न कसा उभा राहतो, एवढेंच मी आपणांपुढें मांडणार आहें.

प्रथम मुदत कोणती तें पाहूं. आपलें आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतें. पगारदार आणि निवृत्तिवेतन घेणारे यांनीं त्या वर्षाच्या प्राप्तीचें विवरणपत्र ३१ जुलैपर्यंत द्यावयाचें असतें. ज्या व्यापाऱ्यांच्या हिशेबांची तपासणी कायद्यानें आवश्यक आहे, त्यांची तारीख निराळी व पुढची असते. एप्रिल ते जुलै हे चार महिने ऐकावयास पुष्कळ वाटतात. पण प्रत्यक्षांत तसें नाहीं. बँकेनें किंवा मालकानें जो कर आधींच कापून घेतलेला असतो, त्याचें शेवटच्या तिमाहीचें पत्रक सरकारांत दाखल करण्यास त्यांना ३१ मेपर्यंत अवधि असतो. ‘फॉर्म १६’ या नांवानें सर्वांस परिचित असलेला पगाराचा दाखला १५ जूनपर्यंत मिळावयाचा. म्हणजे सामान्य माणसाच्या हातीं खरे सहा आठवडेच राहतात. त्यांतच पेरणीचे दिवस येतात, मुलांच्या शाळा उघडतात आणि आषाढीची वारी येते.

हा कर आपल्याकडे आला १८६० सालीं. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती भरण्यासाठीं जेम्स विल्सन या अर्थमंत्र्यानें विलायतेच्या धर्तीवर प्राप्तिकर बसविला. पुढें तो कांहीं वर्षें बंद पडला, पुन्हां आला, आणि १८८६ च्या कायद्यानें त्याला कायमचें रूप मिळालें. त्याच कायद्यानें शेतीचें उत्पन्न या करांतून वगळलें, आणि केंद्राच्या प्राप्तिकरापुरतें तें आजहि वगळलेलेंच आहे. त्यानंतर १९२२ चा कायदा झाला, १९६१ चा झाला, आणि २०२५ सालीं संमत झालेला नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून अंमलांत आला. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या प्राप्तीला मात्र १९६१ चाच कायदा लागू आहे.

शेतीचें उत्पन्न वगळलें आहे, म्हणून आपल्या खानदेशांतील पुष्कळ मंडळी समजतात, कीं या कराशीं आपला संबंध नाहीं. रावेर-यावलची केळीची बाग, चोपड्याकडचा कापूस, दोंडाईच्याची मिरची यांच्या उत्पन्नावर हा कर नाहीं, हें खरें. परंतु आज निव्वळ शेतीवर चालणारें घर किती उरलें आहे? बाग वडिलांची, एक मुलगा शाळेंत शिक्षक, दुसऱ्याचें अडतीचें दुकान, आईच्या नांवें बँकेंत ठेव, आणि जळगांवांत एक खोली भाड्यानें दिलेली, असें घर आपल्याकडे हरएक गांवांत आढळेल. केळें विकलें तर ती शेती. त्याच केळ्याचे वेफर करून विकले तर तो धंदा. तेव्हां विवरणपत्राचा प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आंत आलेलाच आहे.

मुदत मागण्याची गोष्ट मात्र खानदेशाला प्राप्तिकरापेक्षां जुनी आहे. इंग्रजी अंमल येथें १८१८ सालीं आला, आणि सारा रोख व ठरलेल्या हप्त्यांनीं वसूल होऊं लागला. हप्त्याची तारीख एक आणि पीक विकण्याची वेळ दुसरी, असें झालें कीं शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसे. १८५२ सालीं जमिनीची नवी मोजणी सुरू झाली, तेव्हां सारा वाढेल या भीतीनें एरंडोल, सावदा, फैजपूर या बाजूचे लोक मोजणीविरुद्ध उठले आणि त्यांना दडपण्यासाठीं लष्कर आणावें लागलें. या वसुलीच्या व्यवस्थेंतूनच दोन शब्द खेड्यापाड्यांत घरोघर पोहोंचले: एक ‘तहकुबी’ आणि दुसरा ‘सूट’. पीक बुडालें म्हणजे यंदाचा सारा पुढें ढकलणें ही तहकुबी. तो साराच सोडून देणें ही सूट. १९१८ सालीं गुजरातेंत खेडा जिल्ह्यांत गांधीजींनीं जो सत्याग्रह केला, त्याचें मूळ हेंच होतें. पीक चार आण्यांहून कमी आलें असेल तर त्या वर्षाची वसुली तहकूब झाली पाहिजे, हा नियम होता. आणि पीक चार आण्यांच्या वर कीं खालीं हा वाद होता. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेंतहि सूट व तहकुबी यांची तरतूद आहे.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें, कीं प्राप्तिकराच्या बाबतींत आपण या दोन शब्दांची गल्लत करतों. मुदतवाढ ही तहकुबी आहे, सूट नव्हे. आणि तीहि बहुधा कागदाची तहकुबी असते, पैशाची नव्हे. माझा एक पुतण्या अमेरिकेंत असतो. एकदां जुलै महिन्यांत त्याचा दूरध्वनि आला, तेव्हां मी कागदांच्या ढिगांत बसलों होतों.

तो म्हणाला, “काका, तुम्ही एवढी घाई कां करतां? आमच्या इकडे एक अर्ज टाकला, कीं १५ एप्रिलचे १५ ऑक्टोबर होतात. कारणहि विचारीत नाहींत.”

मी विचारलें, “मग करहि ऑक्टोबरांतच भरतोस काय रे?”

“छे, काका! कर मात्र अंदाज करून एप्रिलमध्येंच भरावा लागतो. नाहीं तर व्याज आणि दंड दोन्ही लागतात.”

पाहा, जेथें मुदत मागितल्याबरोबर मिळते, तेथेंहि ती फॉर्म भरण्यापुरतीच आहे. सरकारचा पैसा वेळेवर गेलाच पाहिजे.

आपल्याकडे तर त्या अर्जाचीहि सोय नाहीं. ‘मला दोन महिने द्या’ असा वैयक्तिक अर्ज ३१ जुलैपूर्वीं करून एका माणसाला विवरणपत्राची तारीख वाढवून मिळत नाहीं. तारीख वाढते ती सर्वांसाठीं, आणि वाढवितें तें केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ. २०१९ सालीं ती ३१ ऑगस्ट झाली. २०२० सालीं कोरोनाच्या संकटामुळें ती अनेक वेळां वाढून १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. २०२१ सालीं ती ३१ डिसेंबर झाली. २०२२, २०२३ व २०२४ या तिन्ही वर्षीं ती मुळींच वाढली नाहीं. २०२५ सालीं फॉर्म बदलले होते व संगणकाची व्यवस्था तयार व्हावयाची होती, म्हणून ती १५ सप्टेंबर झाली; आणि शेवटच्या दिवशीं आणखी एका दिवसानें वाढून १६ सप्टेंबर झाली. यावरून एवढेंच कळतें, कीं तारीख वाढेल किंवा वाढणार नाहीं. ज्या गोष्टीचा असा भरंवसा नाहीं, तिच्यावर संसाराची व्यवस्था उभारूं नये.

मी तेंच केलें. लागोपाठ तीन वर्षें तारीख वाढलेली मीं पाहिली होती. २०२२ च्या जुलैंत माझे सर्व कागद तयार होते. फक्त एका बँकेचा व्याजाचा दाखला यावयाचा होता, आणि तोहि एक हेलपाटा घातला असता तर मिळाला असता. पण ‘यंदाहि वाढेल’ असें चहाच्या दुकानांत चारचौघे म्हणाले आणि मला तें पटलें. त्या वर्षीं ३१ जुलैला रविवार होता. रविवार गेला, सोमवार उजाडला, आणि तारीख वाढली नाहीं. मीं ऑगस्टांत विवरणपत्र भरलें. त्यावर पांच हजार रुपये विलंबशुल्क भरलें, आणि जो थोडा कर द्यावयाचा राहिला होता त्यावर व्याज भरलें. कोणी विचारलें असतें, तर दाखला मिळाला नव्हता असें मीं सांगितलें असतें. तें खोटें नव्हतें. पण तें कारणहि नव्हतें. ज्या मुलांना मीं अशा उत्तराबद्दल बाकावर उभें केलें, त्यांची मला त्या दिवशीं आठवण झाली.

उशिराचा तोटा केवळ शुल्काचा नाहीं. एकूण प्राप्ति पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क एक हजार, त्यापुढें पांच हजार. बाकी करावर दर महिन्यास, आणि महिन्याच्या अंशासहि, शेंकडा एक व्याज. विलंबानें भरण्याची सोय ३१ डिसेंबरपर्यंत असते, त्यामुळें लोकांना धीर वाटतो. परंतु कांहीं हक्क असे आहेत, कीं ते मूळ तारखेबरोबरच मावळतात. धंद्यांत किंवा शेअर्समध्यें आलेला तोटा पुढील वर्षांच्या नफ्यांतून वजा करावयाचा असेल, तर विवरणपत्र वेळेवरच पाहिजे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धति ही आपोआप लागू होणारी झाली आहे. जुन्या पद्धतीच्या सवलती, म्हणजे विमा, भविष्यनिर्वाह निधि, घरकर्जाचें व्याज वगैरे, ज्याला हव्या असतील त्यानें ती निवड वेळेंतच केली पाहिजे. उशीर झाला, कीं निवड संपली. तसेंच, ज्यानें धुळ्यांतील जुनें घर विकलें आणि त्या नफ्यांतून नवें घर घ्यावयाचें योजिलें आहे, पण व्यवहार अजून पुरा झालेला नाहीं, त्यानें उरलेली रक्कम मूळ मुदतीच्या आंत बँकेच्या भांडवली नफ्याच्या खास खात्यांत ठेवावी लागते. ती तारीख चुकली, तर लाखांची सवलत धोक्यांत येते. पांच हजारांचें शुल्क त्यापुढें कांहींच नाहीं.

आतां, खरीं कारणें नसतातच असें मुळींच नाहीं. तीं कोणतीं, आणि प्रत्येकाला उपाय काय, तें सांगतों.

पहिलें कारण कागदांच्या विसंगतीचें. बँकेनें आपला कर कापला, पण सरकारी नोंदींत तो दिसत नाहीं. किंवा वार्षिक माहितीपत्रांत आपली नसलेली रक्कम आपल्या नांवें दिसते. यावर उपाय असा, कीं जूनच्या मध्यासच ती नोंद उघडून पाहावी, चूक असेल तर बँकेस लेखी कळवावें व त्याची प्रत ठेवावी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुरुस्ती झाली नाहीं, तर हातीं असलेल्या खऱ्या माहितीवर विवरणपत्र वेळेंत भरावें. पुढें भर पडली किंवा चूक सांपडली, तर ठरलेल्या अवधींत सुधारित विवरणपत्र देतां येतें. वेळेवर दिलेलें अपुरें विवरणपत्र सुधारतां येतें. परंतु हुकलेली मुदत सुधारतां येत नाहीं.

दुसरें कारण आम्हां शिक्षकांच्या व सरकारी नोकरांच्या ओळखीचें, म्हणजे थकबाकीचें. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी हप्त्यांनीं मिळाली. मागील अनेक वर्षांचा पगार एका वर्षांत हातीं आला, म्हणजे कर उगाच वाढतो. त्यासाठीं कायद्यांत सवलत आहे. पण ती मागणारा ‘दहा-ई’ नांवाचा फॉर्म विवरणपत्राच्या आधीं भरावा लागतो, आणि त्याला वर्षवार तक्ता लागतो. हा तक्ता कचेरींतून मिळण्यास वेळ लागतो, हें खरें कारण आहे. म्हणून तो जुलैंत न मागतां, थकबाकी ज्या महिन्यांत जमा झाली त्याच महिन्यांत मागावा.

तिसरें कारण आजारपण, मृत्यु, पूर, आग यांचें. येथें माणसाचा दोष नसतो. अशा माणसासाठीं कायद्यानें एक दार उघडें ठेविलें आहे, आणि तें पुष्कळांना ठाऊक नाहीं. तें मला ज्या प्रसंगानें ठाऊक झालें, तो प्रसंग सांगतों.

माझे थोरले बंधु धुळ्यास राहत. २०२१ च्या उन्हाळ्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, ते गेले. निवृत्तीच्या वेळीं मिळालेली रक्कम त्यांनीं ठेवींत घातली होती व बँकेनें व्याजावर कर कापला होता. वास्तविक वजावटी जमेस धरतां त्यांना कर लागतच नव्हता. कापलेले एकोणीस हजार रुपये परत मिळावयाचे होते. पण त्या वर्षीं घरांत विवरणपत्राचा विचार कोणाला सुचणार? तारखा वाढल्या, त्याहि निघून गेल्या; विलंबाची मुदतहि संपली. २०२३ सालीं कपाट आवरतांना वहिनींना बँकेचा दाखला सांपडला. त्यांनीं तो माझ्यापुढें ठेविला आणि विचारलें, “भाऊजी, हे पैसे गेलेच समजायचे कां? त्यांच्या घामाचे होते, म्हणून विचारतें.”

मला उत्तर ठाऊक नव्हतें. एका लेखापालांना विचारलें. ते म्हणाले, “गुरुजी, विलंब माफ करावा असा अर्ज करतां येतो. कायद्याचें कलम ११९ आहे. खरी अडचण होती असें पटवून द्यावें लागेल, आणि प्रत्येक वाक्याला कागद लागेल.”

आम्ही प्रथम वहिनींची कायदेशीर वारस म्हणून नोंद केली. मग अर्ज लिहावयास बसलों. माझ्या संवयीप्रमाणें मीं दोन पानें भावनेनें भरून काढलीं. लेखापालांनीं तीं वाचून बाजूस ठेविलीं, आणि सात-आठ वाक्यें लिहिलीं: अमुक तारखेस आजार, अमुक तारखेस रुग्णालयांत दाखल, अमुक तारखेस मृत्यु, वारसाचा दाखला अमुक तारखेचा, कर कापल्याचा पुरावा हा, प्रत्यक्ष देय कर एवढा, परतावा एवढा. प्रत्येक वाक्यापुढें जोडपत्राचा क्रमांक. मीं आयुष्यभर मुलांना निबंध शिकविला. पण कारण कसें लिहावें, हें त्या दिवशीं शिकलों. कांहीं महिन्यांनीं एक विचारणा आली, तिचें उत्तर दिलें. पुढें विलंब माफ झाल्याचा हुकूम आला, मग विवरणपत्र भरलें आणि पैसे वहिनींच्या खात्यांत जमा झाले. अशा उशिरा मागितलेल्या परताव्यावर व्याज मिळत नाहीं. तें मिळालेंहि नाहीं. वहिनींनीं त्या पैशांतून कांहीं घेतलें नाहीं. दोन्ही नातवंडांच्या नांवें समान ठेव ठेविली.

या अर्जाचे नियम १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानें नव्यानें ठरले आहेत. परतावा मिळावा किंवा तोटा पुढें ओढतां यावा, यासाठीं विलंबमाफीचा अर्ज करावयाचा, तर तो संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पांच वर्षांच्या आंत केला पाहिजे. मागणी एक कोटि रुपयांपर्यंत असेल तर निर्णय आयुक्तांच्या पातळीवर होतो. त्याहून मोठ्या रकमांचा निर्णय त्यांच्याहून वरिष्ठ अधिकारी देतात. अर्जाचा निकाल शक्यतों सहा महिन्यांत लावावा, असें त्यांत म्हटलें आहे. अधिकारी दोन गोष्टी पाहतो: मागणी खरी व बरोबर आहे काय, आणि अडचण खरी होती काय. ‘विसरलों’, ‘वेळ मिळाला नाहीं’, ‘तारीख वाढेल असें वाटलें’, हीं उत्तरें तेथें चालत नाहींत. माझें २०२२ चें उत्तर तेथें चाललें नसतें, वहिनींचें चाललें. एकाच घरांतील दोन विलंब, पण एक सबब होती आणि दुसरें कारण होतें.

श्रोतेहो, शेवटीं चार गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या सांगतों. एप्रिलमध्येंच एक पिशवी किंवा फाइल करून तींत बँकेचे, विम्याचे, पगाराचे कागद टाकीत जावे. जूनच्या मध्यास सरकारी नोंद पाहावी. कर देणें निघत असेल तर तो मुदतवाढीची वाट न पाहतां भरून टाकावा. कागदाला तहकुबी मिळाली तरी उशिरां दिलेल्या पैशाला व्याज लागण्याचा संभव राहतो. विवरणपत्र संगणकावर पाठविल्यावर त्याची पडताळणी तीस दिवसांच्या आंत करावी; नाहीं तर वेळेवर पाठविलेलेंहि उशिराचें ठरूं शकतें. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्या वडीलधाऱ्यांना केवळ निवृत्तिवेतन व त्याच बँकेचें व्याज मिळतें, त्यांना ठराविक बँकेंत प्रतिज्ञापत्र दिल्यास विवरणपत्रच भरावें लागत नाहीं. घरांत अशी वृद्ध मंडळी असतील तर बँकेंत अवश्य चौकशी करावी.

आणखी एक विनंती. घरांतील हिशेब एकाच माणसाच्या डोक्यांत ठेवूं नका. माझ्या बंधूंनीं सर्व कागद नीट ठेविले होते. पण ते कोठें आहेत हें दुसऱ्या कोणालाहि माहीत नव्हतें. कपाट आवरलें नसतें तर ते पैसे गेले असते. या रविवारीं पतिपत्नींनीं दोघांनीं मिळून ती फाइल एकदां उघडून पाहावी, कोणती ठेव कोठें आहे तें एका कागदावर लिहून ठेवावें आणि मुलांनाहि तें दाखवावें. या कामाला मात्र मुदत मागूं नये.